कोरलच्या रानातलं फाटक

अ‍ॅथल प्रिंगल सरळ बोलत नाही. त्याला चहा हवा असेल तर तो तुमच्या किटलीची चौकशी करतो. त्यामुळे एका संध्याकाळी आमच्या व्हरांड्यात बसून तो मिरिगलच्या एका पंपाबद्दल बोलायला लागला, तेव्हाच मी सावध व्हायला हवं होतं.

"मिरिगलला एक पंप बिघडलाय," तो म्हणाला.

"मिरिगल इथून तीन दिवसांच्या वाटेवर आहे. तिथे पंप दुरुस्त करणारा कुणी नाही?"

"असेल. पण हा पंप जुना आहे."

"कुणाचा आहे?"

"एका बाईंचा."

आतून माझी बायको नोरीन म्हणाली, "विधवा आहे का रे?"

"कोण, पंप?" अ‍ॅथल म्हणाला आणि कानापर्यंत लाल झाला.

मग हळूहळू सगळं बाहेर आलं. बाईंचं नाव कोरल बेटनी. मिरिगलच्या पुढे नदीकाठी तिची मेंढ्यांची मोठी कुरणं आहेत. नवरा जाऊन बरीच वर्षं झाली, सगळा कारभार ती एकटी बघते. ईस्टरच्या सुट्टीत लॉन बोल्सच्या, म्हणजे हिरवळीवर गोळे घरंगळवायच्या, स्पर्धेत दोघांची गाठ पडली आणि तेव्हापासून दर रविवारी फोन. आता अ‍ॅथलला तिला काहीतरी विचारायचं होतं. काय ते त्याच्या तोंडून निघेना. नोरीनने "लग्नाचं का?" म्हटल्यावर त्याने मान खाली घातली आणि तो हातातली टोपी गोल गोल फिरवायला लागला.

"मग जा की," मी म्हटलं. "मला कशाला सांगतोस?"

"ती म्हणाली, एखादा मित्र घेऊन ये."

"का?"

"ती म्हणते, पुरुष बाईसमोर कसा वागतो त्यावरून काही कळत नाही. त्याचे मित्र कसले आहेत ते बघायला पाहिजे."

म्हणजे मी नमुना. दुकानदार ठाणातला तुकडा कापून दाखवतो तसा अ‍ॅथल मला दाखवणार होता. मला याचा फार अभिमान वाटला. नोरीनने मात्र बाहेर येऊन मला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं.

"अ‍ॅथल, तुझा दुसरा कुणी मित्र नाही का?"

"एक होता," अ‍ॅथल म्हणाला. "तो वारला."

ठरलं असं, की मोटारसायकलवरून जायचं. दोन म्हातारे, दोन गाड्या, मधली गावं बघत, रात्री पबमध्ये मुक्काम. ही बातमी गावात पसरायला एक दुपार पुरली. शेजारचा रॉस कुंपणाला टेकून म्हणाला, "संध्याकाळी रस्त्यावर कांगारू येतात बरं का." मी सगळी उमर त्या रस्त्यांवर काढली आहे. एका शेडमधून दुसऱ्या शेडमध्ये मेंढ्यांची लोकर कापत हिंडलो आहे. पण रॉसने आयुष्यात मोटारसायकलला हात लावलेला नाही, त्यामुळे त्याची मतं फार पक्की असतात. त्याने कांगारू पळवणारी शिट्टी आणून दिली. त्याच्या बायकोने हवेची गोल उशी आणून दिली, मूळव्याधवाल्यांना देतात तसली, आणि ती कशासाठी हे रस्त्यावरून ओरडून सांगितलं. पोस्टातल्या बाईंनी मी काही न विचारता वाटेतल्या सगळ्या दवाखान्यांची नावं सांगितली.

माझी गाडी मात्र निघालीच नाही. दोष गाडीचा नव्हता. आमच्या वयाच्या माणसाला लायसन्स टिकवायचं तर दरवर्षी डॉक्टरचा कागद लागतो आणि डॉक्टर डोळे तपासतो. मला अक्षरं साठीनंतर आली, नोरीनने स्वयंपाकघरातल्या टेबलावर शिकवली. त्याच्या कितीतरी आधीपासून दवाखान्याच्या भिंतीवरचा डोळे तपासायचा तक्ता मला ऐकून ऐकून तोंडपाठ होता, आणि पाठ असलेलं वाचत बसायची मला सवय नाही. या वर्षी डॉक्टर नवीन आणि तक्ताही नवीन. मी खणखणीत आवाजात जुना तक्ता म्हणून दाखवला. डॉक्टरीणबाईंनी शेवटपर्यंत ऐकून घेतलं.

"छान," त्या म्हणाल्या. "आता या भिंतीवरचा वाचा."

चष्मेवाल्याचा कागद आणा, असं ठरलं. चष्मेवाला आमच्या गावात महिन्यातून एकदा येतो आणि तो आदल्या दिवशीच येऊन गेला होता. लायसन्सच्या कचेरीतल्या मुलीला मी खिडकीतून म्हटलं, "मी जन्मभर गाडी चालवतोय."

"हो आजोबा," ती म्हणाली. "म्हणूनच."

अ‍ॅथलला सांगितलं. तो जरा विचार करून म्हणाला, "माझ्या गाडीला साइडकार आहे."

"ती नगेटची आहे."

"नगेट राहील नोरीनकडे."

नगेट म्हणजे अ‍ॅथलचं कुत्रं. निघायच्या दिवशी ते आमच्या घरी आलं, सरळ माझ्या खुर्चीत जाऊन बसलं आणि मी त्याच्या खुर्चीत. नोरीन फाटकापर्यंत आली, मला एक फ्रूट केक दिला, आणि अ‍ॅथलला म्हणाली, "जपून रे, याला ऊन लागू देऊ नकोस." कुत्र्याबद्दल ती असंच बोलते.

साइडकारमधून जग फार खालून दिसतं. ट्रकच्या चाकांचे नट दिसतात. पायाशी एक जुनं हाड होतं, ते प्रत्येक वळणावर इकडून तिकडे सरकायचं. आमच्या भागात समोरून गाडी आली की चालवणारा स्टिअरिंगवरून एक बोट वर करतो, ओळख असो वा नसो. सगळ्यांनी अ‍ॅथलला बोट वर केलं. मीही प्रत्येकाला करत होतो. साइडकारमधून वर केलेलं बोट कुणी बघत नाही. बघितलंच तर पुढे जाऊन पुन्हा वळून बघतात.

बिंडाराच्या बेकरीसमोर थांबलो. मालकीण कागदात गुंडाळलेलं हाड घेऊनच बाहेर आली. "नगेट कुठाय?"

"हा क्लेम," अ‍ॅथल म्हणाला.

तिने माझ्याकडे बघितलं, मग हाडाकडे. "याला काय देऊ?"

खिमा-पॅटिस दिलं तिने, पण जरा वाकून दिलं. पुढच्या गावात पेट्रोल भरणारा माणूस म्हणाला, "काय अ‍ॅथल, कुत्रं बदललंस?" त्याच्या पुढच्या गावात एका बाईंनी मला न विचारता पाण्याची थाळी समोर ठेवली, मग मी आहे असं बघून माफी मागितली, आणि थाळी तिथेच राहू दिली. ऊन कडक होतं. मी ते पाणी प्यायलो नाही, हे नमूद करून ठेवतो. अ‍ॅथलला वाटतं मी प्यायलो.

हे सगळं मी सहन केलं. फाटकांचं मात्र लागलं.

आमच्याकडे आडरस्ता कुणाच्या ना कुणाच्या कुरणातून जातो आणि प्रत्येक कुंपणाला फाटक असतं. गाडीत मंत्री बसलेला असो नाहीतर पाद्री, चालवणारा जागचा हलत नाही. उतरून फाटक उघडायचं, गाडी पुढे गेली की लावायचं आणि पळत येऊन बसायचं, हे शेजारी बसलेल्याचं काम. याला अपवाद नाही. मी इतकी वर्षं चालवणारा होतो, फाटकं नोरीन उघडायची. आता प्रत्येक फाटकाशी अ‍ॅथल क्षितिजाकडे बघत बसायचा, आणि मी त्या डब्यातून घडी उलगडल्यासारखा बाहेर यायचो. आधी एक पाय, मग उशी, मग मी.

"सावकाश," अ‍ॅथल म्हणायचा. "घाई नाही." हे ऐकून जास्त राग यायचा.

दुसऱ्या मुक्कामाला वालगूनच्या पबमध्ये पोचेपर्यंत मला कुणाला तरी काहीतरी शिकवण्याची फार गरज वाटायला लागली होती. तिथे शहरातलं एक तरुण जोडपं भेटलं. मोटारीमागे कॅरव्हॅन जोडून फिरायला निघालेलं. मुलीचं नाव जॅसिंटा. दुसऱ्या दिवशी तेही मिरिगलकडेच जाणार होते, नदीकाठी मुक्कामाला. तिने साधं विचारलं, "वाटेत खाजगी कुरणं लागतात म्हणे. काही नियम असतात का?"

झालं. मी ग्लास खाली ठेवला. फाटक म्हणजे काय, ते उघडं असेल तर का असतं, लावलेलं असेल तर का असतं, शहरातल्या माणसांनी आजवर किती कळपांची वाट लावली, हे सगळं मी सांगितलं. "नियम एकच," मी म्हटलं. "जसं दिसलं तसं ठेवायचं. उघडं तर उघडं. लावलेलं तर लावलेलं. आपलं डोकं चालवायचं नाही. तुम्हाला वाटेल कुणीतरी विसरलंय. कुणी विसरलेलं नसतं. मालकाला माहीत असतं." पबमधली सगळी माणसं ऐकत होती. कोपऱ्यात मॉरी टेट नावाचा एक जाडा मेंढपाळ बसला होता, त्याने तर बिअर प्यायची थांबवली. जॅसिंटा म्हणाली, "किती छान समजावलंत." मला बरं वाटलं. त्या प्रवासात माझ्याशी माणसासारखं बोलणारी ती पहिलीच.

झोपण्याआधी अ‍ॅथल म्हणाला, "क्लेम, उद्या तिच्याकडे पोचू."

"हो."

"मी विचारणार आहे तिला."

"विचार ना."

"तू जरा..." तो थांबला. "त्या पंपाचं कसं असतं, वॉशर चांगला असला तर बाकीचं चालून जातं."

वॉशर म्हणजे मी. मी म्हटलं, काळजी करू नकोस.

दुसऱ्या दिवशी कोरलच्या जागेत शिरलो. घर रस्त्यापासून बरंच आत, मध्ये तीन फाटकं. पहिलं लावलेलं होतं. उघडलं, लावलं. दुसरं सताड उघडं होतं, मागे कुंपणाला टेकवलेलं. आणि समोर धुळीत कॅरव्हॅनच्या चाकांचे ताजे ठसे.

मी ते ठसे बघितले आणि माझं डोकं फिरलं. काल एवढं घसा फोडून सांगितलं आणि आज हे. छान समजावलंत म्हणे. मी अ‍ॅथलला थांबायला सांगितलं.

"उघडंच होतं ते," अ‍ॅथल म्हणाला. "राहू दे."

"त्या पोरांनी उघडं टाकलंय. ठसे बघ."

"तूच काल म्हणालास ना, आपलं डोकं..."

"मला फाटकं शिकवतोस?"

तो क्षितिजाकडे बघायला लागला. मी उतरलो, फाटक ओढलं, साखळी अडकवली. नुसती अडकवली नाही, तर दोनदा पीळ दिला, जाणकार माणसालाही सोडवायला वेळ लागेल असा. मग हात झटकून साइडकारमध्ये बसलो. निघाल्यापासून पहिल्यांदाच आपण काहीतरी नीट केलं असं मला वाटत होतं.

घरी कोणी नव्हतं. आम्ही पायरीवर बसलो. शेडजवळ लोकर कापणाऱ्यांची टोळी मुक्कामाला आलेली दिसली, म्हणजे सकाळी काम सुरू होणार. मी अ‍ॅथलला तिची व्यवस्था कशी चांगली आहे ते समजावून सांगत होतो, तेवढ्यात लांबून कुत्र्यांचं भुंकणं ऐकू आलं, मग धुरळा, मग कुणीतरी शिव्या देत असल्याचा आवाज. शिव्या बाईच्या होत्या आणि उच्च प्रतीच्या होत्या.

झालं होतं असं. कोरल आणि तिचा शेजारी मिळून सगळा कळप नदीकडून शेडकडे आणत होते. त्यासाठीच ते फाटक तिने दुपारीच उघडून ठेवलं होतं. कळप तिथे आला तर फाटक बंद. मागून कुत्री रेटतायत, पुढे जायला वाट नाही, आणि कोरल साखळीशी झटतेय. मेंढ्यांनी बाजूचं जुनं कुंपण पाडलं आणि नदीकाठच्या झाडीत चहूकडे पांगल्या. दुसऱ्या दिवशी मेंढ्या शेडमध्ये नसल्या तर टोळी पुढच्या ठिकाणी निघून जाणार आणि कित्येक आठवडे परत येणार नाही.

कोरल आली ती डोक्यापासून पायापर्यंत धुळीने माखलेली. शेजारी म्हणजे पबमधला मॉरी टेट. मी त्याला बघितलं आणि टोपी डोळ्यांवर ओढली.

"तुम्ही क्लेम," कोरल माझा हात हातात घेत म्हणाली. "अ‍ॅथल सांगत होता, फाटकाच्या बाबतीत तुमच्यासारखा माणूस नाही."

मॉरी म्हणाला, "मीही ऐकलंय यांना."

जेवायला आम्ही सगळे एका टेबलाशी होतो. भाजलेलं मटण, रस्सा, भोपळा. जॅसिंटा आणि तिचा नवराही होता. नदीकाठी मेंढ्या पळताना बघून ती दोघं आपणहून मदतीला आली होती, अंधार पडेपर्यंत झाडीतून पळत होती, त्यांच्या हातांवर काट्यांचे ओरखडे होते. कोरलने त्यांना वाढलं, आणि शांतपणे विचारलं, "तुम्ही दुपारी माझ्या वाटेने गेलात. मधलं फाटक तुम्ही लावलंत का?"

"नाही," जॅसिंटा म्हणाली. "उघडं होतं, म्हणून उघडंच ठेवलं. गाडीत आम्ही घोकतच होतो, उघडं तर उघडं, लावलेलं तर लावलेलं. या आजोबांनीच शिकवलं काल."

तिने काट्याने माझ्याकडे दाखवलं. सगळ्यांनी माझ्याकडे बघितलं. माझ्या तोंडात भोपळा होता. पुढे कितीतरी दिवस मी स्वतःला हेच सांगत होतो, की तोंडात भोपळा होता म्हणून मी बोललो नाही. भोपळा अगदी मऊ शिजला होता.

"मग साखळी काय वाऱ्याने अडकवली?" कोरल म्हणाली. "रागावत नाही मी. पण केलं असेल तर सांगावं माणसाने."

"आम्ही खरंच नाही हो..." जॅसिंटाचे डोळे भरले. नवऱ्याने ताट पुढे सरकवलं आणि तो उठायच्या बेतात आला. माझ्या तोंडात आता भोपळाही नव्हता.

अ‍ॅथलने काटा खाली ठेवला. "मी लावलं."

कोरल वळली. "तू?"

"हो."

"का?"

जो सरळ खरं बोलू शकत नाही त्याला सरळ खोटं तरी कुठून येणार. "ते उघडं होतं," तो म्हणाला.

"गाडी कोण चालवत होतं?"

"मीच."

"म्हणजे चालवता चालवता तू उतरलास, मागे गेलास, फाटक लावलंस, आणि परत येऊन गाडीवर बसलास."

"हो."

"आणि साइडकारमध्ये?"

अ‍ॅथलने माझ्याकडे बघितलं, मग रश्शाकडे. "क्लेम झोपला होता."

मॉरीला खोकला आला. त्या रस्त्यावर साइडकारमध्ये झोपायचं तर माणूस मेलेला असावा लागतो. आणि चालवणाऱ्याने उतरून फाटक लावलं हे आमच्या भागात कुणी शपथेवर सांगितलं तरी पटणार नाही. टेबलाशी बसलेल्या शहरातल्या दोघांचा तेवढा विश्वास बसला. जॅसिंटा अ‍ॅथलला म्हणाली, "जाऊ द्या हो, होतं असं."

कोरलने भोपळ्याचं भांडं उचललं. "बरं," ती म्हणाली. "भोपळा आणखी कुणाला?" आणि न विचारता माझ्या ताटात वाढला.

सकाळी मागच्या पायरीवर आम्ही बूट घालत होतो.

"कशाला बोललास?" मी म्हटलं.

"ती पोरगी रडायला लागली होती."

"मी बोलणारच होतो."

"हो," अ‍ॅथल म्हणाला आणि बुटाची नाडी बांधत राहिला. त्याने टोमणा मारला असता तर बरं झालं असतं. त्याने दाढी केली होती, गळ्याशी कापून घेतलं होतं, आणि मोटारसायकलवरून मेंढ्या हाकायच्या दिवशी लग्नकार्याला घालायचा शर्ट घातला होता.

"आज विचारणार?"

"काय माहीत. तिला माणूस नीट आहे की नाही ते बघायचं होतं." नाडी बांधून झाली होती, तरी तो पुन्हा बांधायला लागला. "बघितलं तिने."

कोरलने कामं वाटली. मॉरी नदीकडून, ती स्वतः टेकडीकडून, अ‍ॅथल गाडीवर मागून. "क्लेम, तुम्ही कुंपणात."

"कुंपणात काय करू?"

"जिथे मेंढ्यांनी पाडलंय, त्या भगदाडात उभे राहा. हात पसरून. त्यांना वाटलं पाहिजे की इथे वाट नाही."

म्हणजे मला फाटक केलं. मी दोन्ही हात पसरून भगदाडात उभा राहिलो. माशा होत्या. माशी हाकलायला हात हलवला की लांबची मेंढी बिचकून उलटी वळायची आणि टेकडीवरून कोरलची हाक यायची, "फाटक हलू नका." शेडमध्ये बिनकामाची बसलेली टोळी चहाचे मग घेऊन कुंपणापर्यंत बघायला आली. टोळीचा मुकादम डेस कॉल्विन माझ्या ओळखीचा निघाला. त्याने आणि मी कितीतरी शेडमध्ये शेजारी शेजारी लोकर कापली आहे.

"क्लेम? इथे काय करतोस?"

"उभा आहे."

"दिसतंय." त्याने घोट घेतला. "ऐकलं, अ‍ॅथल नावाच्या कुणी काल फाटक लावलं."

"हो."

"चालवत होता ना तो?"

"हो."

"हं," डेस म्हणाला. उरलेला चहा त्याने गवतात ओतला आणि तो निघून गेला. पुढे काही विचारलं नाही. आमची माणसं फार सभ्य असतात. त्या सभ्यपणाने कातडी सोलली जाते.

दुपारपर्यंत बहुतेक मेंढ्या आत आल्या. थोड्या झाडीत राहिल्या होत्या, म्हणून मला जागा सोडता येत नव्हती. तिथून मला लांबवर आवाराच्या कुंपणाशी अ‍ॅथल दिसला, टोपी हातात. समोर कोरल. तो बोलत होता, हाताने काहीतरी वर खाली करून दाखवत होता. पंपाचा दांडा मारतात तसं. एवढ्या लांबून काही ऐकू येईना. ती मान हलवत होती, पण हो म्हणून की नाही म्हणून, ते नव्या चष्म्याशिवाय मला कळायला मार्ग नव्हता. मग तो एकटाच शेडच्या मागे निघून गेला आणि ती पिकअप घेऊन माझ्याकडे आली. तिने फ्लास्कमधून मगात चहा ओतला आणि तो माझ्या पसरलेल्या हातात दिला.

"कोरल," मी म्हटलं, "त्या फाटकाचं..."

"ते अ‍ॅथलने लावलं."

"तेच म्हणतोय, मला सांगायचं होतं की..."

"क्लेम, माझ्या टेबलाशी बसून त्याने सांगितलं आणि मी ऐकून घेतलं. आता तुम्ही त्याला खोटा पाडणार?"

रात्रभर घोकलेलं एक वाक्य माझ्यापाशी होतं. ते गिळावं लागलं. खरं बोलायची वेळ भोपळ्याबरोबर निघून गेली होती.

"बिस्किट घ्या," ती म्हणाली. मग कुंपणाच्या खांबाला टेकून उभी राहिली. "माझा नवरा फार सच्चा होता. जन्मात खोटं बोलला नाही. दुसऱ्याचं चुकलं की चारचौघांत सांगायचा. तो गेला तेव्हा शवपेटी उचलायला माणसं कमी पडली. मॉरीने नदीपलीकडून दोघं आणली." तिने शेडकडे मान वळवली. "अ‍ॅथलने विचारलं मला आत्ता. म्हणजे तो पंपाबद्दलच बोलत होता. पण मला समजलं."

"मग?"

"हो म्हटलं."

माझे हात खाली आले. त्याबरोबर तीन मेंढ्या माझ्या बाजूने निसटून रानात पळाल्या. कोरल त्यांच्याकडे बघत राहिली, रागावली नाही.

"मला वाटलं होतं," मी म्हटलं, "मला बघितल्यावर तुम्ही नाही म्हणाल."

"तुम्हाला बघूनच हो म्हटलं." तिने माझ्या हातातला रिकामा मग घेतला. "तुम्हाला इतकी वर्षं सांभाळलंय म्हणजे मलाही सांभाळेल."

घरी परतल्यावर मी नोरीनला सगळं सांगितलं, अ‍ॅथलने सांगितलं तसं. तो उतरला, त्याने लावलं, मी झोपलो होतो. ज्या बाईने माझ्यासाठी जन्मभर फाटकं उघडली आणि लावली तिला मी हे सांगितलं. ती कुत्र्याचं अंग विंचरत होती. "हो का," म्हणाली आणि विंचरत राहिली.

लग्न वसंतात मिरिगलच्या हॉलमध्ये झालं. सगळी पंचक्रोशी आली होती. बायकांनी लॅमिंग्टन केकची ताटं भरून आणली होती, जॅसिंटा आणि तिचा नवराही शहरातून आले होते. भाषण मॉरी टेटने केलं. त्याने वधूचं कौतुक थोडक्यात उरकलं आणि फाटकाच्या गोष्टीवर आला. नवरदेवाने भर रस्त्यात गाडी कशी थांबवली, कसा उतरला, मित्राची झोपमोड होऊ नये म्हणून साइडकारला वळसा घालून चवड्यांवर कसा गेला, साखळीचा आवाज होऊ नये म्हणून किती जपून पीळ दिला, आणि तो मित्र कसा बाळासारखा झोपला होता, हे सगळं त्याने चालून, वाकून, करून दाखवलं. हॉल हसून हसून कोसळला. डेस कॉल्विन टेबल बडवत होता. नोरीन डोळे पुसत होती. मीही हसलो, सगळ्यांपेक्षा मोठ्याने हसलो.

अ‍ॅथल तिथे केकपाशी उभा होता, नव्या सुटात, कोरलचा हात धरून. आणि एवढ्या मोठ्या हॉलमध्ये एकही माणूस त्याच्याकडे बघत नव्हता, मॉरीकडेही नाही.